थोरलीचा मान

चाचांच्या दुकानात लग्नपत्रिका छापायला कोणी आलं, की ते आधी मुलाचं नाव विचारत नसत आणि मुलीचंही नाही. तारीख, मुहूर्त, मंगल कार्यालय हे सगळं नंतर. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "मामा किती?"

समोरचा माणूस जरा चाचपडायचा. छावणीच्या बाजारातलं लहानसं दुकान, आत मेंदी लावलेली दाढी आणि दोऱ्याने गळ्यात अडकवलेला चष्मा, आणि हे गृहस्थ आपल्या मामांची मोजदाद का करतायत हे त्याला कळायचं नाही. तो सांगायचा, तीन. चाचा विचारायचे, त्यातले सख्खे किती. तो म्हणायचा, दोन. मग चाचा मान डोलवून सांगायचे, तिसरा रुसणार. त्याला वेगळ्या ओळीत घेऊ आणि नावापुढे त्याच्या गावाचं नाव टाकू, म्हणजे त्याला वाटेल आपलं काहीतरी जास्तीचं छापलंय.

मी त्यांच्याकडे कंपोझिंगला लागले तेव्हा मराठीत एम.ए. झालेली होते, आणि पत्रिकेच्या मराठीत एवढं काय असतं, असा माझा तोरा होता. पहिल्याच आठवड्यात मी एका पत्रिकेत नवरदेवाच्या आत्याबाईंना काकूंच्या खाली टाकलं. चाचांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि म्हणाले, "बेटा, ही आत्या मांडवात आली की आधी पत्रिका काढंल अन् मग डोळ्याला पदर लावंल." आत्याबाई वर गेल्या. माझा तोरा तेव्हापासून उतरला तो उतरलाच.

'चि. सौ. कां.' कुठे, 'कै.' कुठे, 'ह.भ.प.' लावायचं तर नावाआधी की आडनावाआधी, हे सगळं त्यांना पाठ होतं. पत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यात 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरं असतात, त्यांच्याही वयाची ते चौकशी करत. दोन चुलत भावंडं एकाच वर्षाची निघाली तर महिना विचारत. एकदा एका शाळामास्तरांना त्यांनी नातवाचा जन्ममहिना विचारायला घरी परत पाठवलं होतं. स्वतःच्या मुलीच्या निकाहची पत्रिका मात्र त्यांनी पाच ओळींत उरकलेली. मी कारण विचारलं तर म्हणाले, नावं जास्त तिथं भांडणं जास्त, मला दुसऱ्यांची पुरतात.

फोनवर पाठवलेली नावं ते घेत नसत. माणसाने समोर बसायचं आणि नावं तोंडाने सांगायची. तोंडाने सांगताना विसरलेला माणूस आठवतो, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं. माझ्यासमोर कितीतरी जण मध्येच थांबून, अरे, त्यो जाफराबादचा साडू राहिला की, असं म्हणालेत. नावं झाली की मी कंपोझ करायचे, आणि मग चाचा कच्ची प्रत हातात धरून उभे राहायचे आणि ती मोठ्या आवाजात वाचायचे. गिऱ्हाइकाने डोळे मिटून ऐकायचं. शेजारच्या शिंप्यालासुद्धा छावणीतल्या प्रत्येक घरातले जावई त्यामुळे माहीत झाले होते.

वाचून झालं की शेवटचा विधी. गिऱ्हाइकाच्या हातात लाल पेन द्यायचं. काही बदलायचं असेल तर त्याने स्वतः खूण करायची, आणि खाली 'असेच छापावे' लिहून सही करायची. त्या सहीशिवाय मशीन सुरू होत नसे, मग समोर आमदार बसलेला असो. तो सहीचा कागद मी स्कॅन करायचा आणि त्या घराच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. चाचा सगळ्यांना अभिमानाने सांगत, की इतक्या वर्षांत मानाची एकही चूक माझ्या हातून झालेली नाही. ते खोटं नव्हतं. पण ते इतक्या वेळा सांगत की ऐकणाऱ्याला वाटायचं, आता एखादी व्हावी.

फोल्डर कधीही पुसायचे नाहीत, हा आणखी एक नियम. माझ्या आधीच्या, माझ्या नंतरच्या, मोडलेल्या लग्नांच्यासुद्धा पत्रिका संगणकात होत्या. जागा संपत आली म्हणून मी एकदा जुन्या मोडलेल्या लग्नांना हात घालणार होते. चाचांनी मला विचारलं, की तू कुणाचं लग्न कचऱ्याच्या डब्यात टाकणार ते मला सांग, मी त्याच्या बापाला फोन करतो. मी हात मागे घेतला. लोकांनाही हे माहीत होतं. थोरल्या मुलीच्या पत्रिकेत व्याह्याचं नाव कुठे होतं, यावरून धाकटीच्या वेळी वाद झाला, की माणसं सरळ चाचांकडे यायची. चाचा फोल्डर उघडायचे, बोट ठेवायचे, वाद संपायचा.

तर हे सगळं ज्या हार्ड डिस्कवर होतं ती चौदा वर्षांची होती.

तिचा आवाज यायचा. आधी नुसती घरघर यायची, ती चाचांना आवडायची. सकाळी संगणक सुरू केला की ते डब्यावर तळहात ठेवून ऐकायचे आणि 'उठली' म्हणायचे. पुढे घरघरीत एक कट-कट मिसळली. फोल्डर उघडायला वेळ लागू लागला. मी एखाद्या घराचं फोल्डर उघडायला लावून चहा टाकायचे आणि कप विसळून परत यायचे तेव्हा ते उघडत असायचं. मी चाचांना सांगितलं, ही आता कधीही जाईल. चाचा म्हणाले, पाठ धरते तिची, वय झालं, तुझीबी धरंल.

सहा महिने मी त्यांच्या मागे भुणभुण लावली. शेवटी ते तयार झाले ते एका अटीवर, की जुनी काढायची नाही. म्हटलं, नका काढू, दोन्ही राहतात एका डब्यात. पैठण गेटजवळच्या एका दुकानातून मी नवीन प्रकारची डिस्क आणली. जुनीच्या पोटात तबकड्या फिरतात, हिच्यात फिरणारं काही नसतं, नुसत्या चिपा असतात, म्हणून ही झटपट चालते आणि आवाज करत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी तिला तळहातावर घेऊन वरखाली केलं. वजन बघून त्यांचा चेहरा पडला.

"आत काहीच फिरत नाय?"

"नाय."

"मग हिला काम करताना कळणार कसं, की ही काम करतीया?"

याचं उत्तर मला एम.ए.ला शिकवलं नव्हतं. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, डब्याचं एका बाजूचं पान काढलं, धूळ पुसली, आणि नवीला एका रिकाम्या खणात पट्टी लावून बसवलं. एक वायर विजेची, एक मदरबोर्डाची. पंधरा मिनिटांचं काम. चाचा शेजारी उभे राहून एकच बघत होते, की नवी जुनीच्या वरच्या खणात तर गेली नाही ना. गेली होती. त्यांनी ती काढायला लावली आणि खालच्या खणात बसवायला लावली.

खरा घोळ पुढे झाला. मी म्हटलं, आता विंडोज या नवीवर टाकू आणि संगणक हिच्यावरून सुरू करू, म्हणजे सगळं झरझर चालेल. जुनीवर नुसत्या पत्रिका राहतील, आणि त्यांचीही एक प्रत नवीवर काढून ठेवू. चाचांनी मला पुन्हा सांगायला लावलं. पहिल्यांदा कोण उठणार? नवी. पडद्यावर यादीत पहिलं नाव कोणाचं? नवीचं. आणि जुनी? तिच्या खाली.

चाचा स्टुलावर बसले. आयुष्यभर त्यांनी थोरल्याचं नाव वर आणि धाकट्याचं खाली लावलं होतं, आणि मी त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच डब्यात हे करायला निघाले होते. ते म्हणाले, चौदा वर्षं जिनं घर चालवलं तिला एका दुपारी खाली बसवायची, हे होणार नाही. दोघी जावा आहेत. थोरलीकडं किल्ल्या राहतील, धाकटीनं शिकावं. मग त्यांनी मला दोघींची नावं संगणकात तशीच टाकायला लावली, थोरली आणि धाकटी, आणि वर सांगितलं, की धाकटीला सवा महिना कामाला लावायचं नाही.

मी म्हटलं, "चाचा, सवा महिना बाळंतिणीला असतो."

"नव्या माणसाला असतो. सून आली की त्याच दिवशी चुलीपुढं बसवतात का? घर बघू दे तिला आधी."

म्हणजे आमच्या दुकानात शहरातली सगळ्यात चपळ डिस्क आली आणि ती काहीही न करता बसून राहिली. संगणक होता तितकाच रेंगाळत होता. चाचा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, की नवी बसवलीय, बघा कसं पळतंय, आणि येणारा बिचारा पडद्याकडे बघत उभा राही. मला रोज वाटायचं, ते नमाजाला गेले की पटकन प्रती काढून घ्याव्यात. पण त्यांनी मला एकदा विश्वासाने सांगितलं होतं, आणि त्यांच्या पाठीमागे काही करण्याची माझी छाती झाली नाही. याचा मला पुढे फार पश्चात्ताप होणार, असं वाटत होतं.

सवा महिना संपायला आठवडा राहिला होता, तेव्हा आप्पा आले.

फर्दापूरजवळच्या एका गावचे हे बागायतदार. उंच, पांढरा फेटा, आवाज खणखणीत. नातीचं लग्न ठरलं होतं. चाचांनी सवयीने विचारलं, मामा किती. आप्पांनी उत्तराऐवजी पिशवीतून एक जुनी पत्रिका काढून टेबलावर ठेवली. घडीवर फाटलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. ती त्यांच्या धाकट्या भावाच्या, नानांच्या मुलीच्या लग्नाची होती, नऊ वर्षांपूर्वीची, म्हणजे मी दुकानात येण्याच्या आधीची. निमंत्रकांत पहिलं नाव नानांचं होतं आणि त्याखाली आप्पांचं.

एकत्र कुटुंब, वडील गेल्यावर घरचा कर्ता थोरला, आणि पत्रिकेत त्याचं नाव खाली. आप्पा त्या लग्नाला गेले होते, पत्रिका हातात घेऊन मांडवाबाहेर उभे राहिले होते आणि अक्षता न टाकता परत आले होते. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. मधला बांध तोच, विहीर तीच, आणि भाऊ एकमेकांना ओळख देत नव्हते. नऊ वर्षांत आप्पांनी नानांना विचारलं नव्हतं आणि नानांनी सांगितलं नव्हतं.

आप्पा चाचांना म्हणाले, "आता घरात लग्न हाय, अन् पोरगी म्हणती, नानाआजाचं नाव पायजे. तर मला एकच सांग. हे नाव वर कुणी घेतलं? तुझी चूक असंल तर नाना पत्रिकेत येतो. त्याची असंल तर नाय येत. ह्या जन्मात नाय येत."

चाचांनी ती पत्रिका उजेडाला धरून वाचली. मला वाटलं, आता ते आपलं नेहमीचं सुनावतील, की माझ्या हातून मानाची चूक होत नाही. ते एवढंच म्हणाले, की मला आठवत नाही, संगणकात बघावं लागेल, गुरुवारी सांगतो. ज्या माणसाला छावणीतल्या प्रत्येक नवरदेवाचे मामा पाठ होते त्याला हे आठवत नव्हतं, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

आप्पा गेल्यावर मी ते फोल्डर उघडायला गेले आणि थोरली बसली. कट-कट, कट-कट, आणि पडदा गोठला. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तेव्हा उठली, पण धापा टाकतच. मी चाचांना स्पष्ट सांगितलं, आता मान पुरे झाला, मला आजपासून प्रती काढू द्या, नाहीतर या घरांतलं एकही घर राहणार नाही. आप्पांचं उत्तरही जाईल. ते दाढीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, काढ. पण जुन्यापासून काढ, क्रमाने.

मी कपाळावर हात मारून घेतला. आप्पांचं फोल्डर मधल्या वर्षांतलं होतं, तोवर डिस्क टिकेल याचा भरवसा नव्हता. मी म्हटलं, आधी ते एक घेऊ. ते नाही म्हणाले. थोरल्यांना मागे ठेवून पुढे जायचं नाही.

सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस आम्ही दुकानात दुसरं काम घेतलं नाही. डब्याचं पान उघडं, समोर टेबलफॅन लावलेला, आणि चाचा स्टुलावर बसून थोरलीकडे बघत. एका वर्षाच्या पत्रिका धाकटीवर गेल्या की ते एक बोट दुमडायचे. थोरली मध्येच थांबायची, मग मी संगणक बंद करून तिला अर्धा तास थंड होऊ द्यायचे आणि पुन्हा सुरू करायचे. सवा महिना पुरा व्हायला अजून दिवस होते, याचं त्यांना वाईट वाटत होतं. ते धाकटीला उद्देशून म्हणाले, "माफ कर बेटा, वेळच तशी आलीया." मला आधी वाटलं, मलाच म्हणाले.

बुधवारी दुपारी ते वर्ष आलं. प्रत काढायच्या आधी मी आप्पांच्या घराचं फोल्डर उघडलं. सहीचा स्कॅन केलेला कागद पडद्यावर हळूहळू वरून खाली उमटत आला. कच्च्या प्रतीत आप्पांचं नाव वर होतं, नानांचं खाली. खालच्या नावापासून एक लाल बाण निघून वर गेला होता. शेजारी, लांब शेपटीचा 'व' असलेल्या हस्ताक्षरात, नानांनी 'असेच छापावे' लिहिलं होतं, आणि खाली त्यांची सही.

मी टाळीच वाजवली. "चाचा, तुमची चूक नाय. हे बघा, नानांनीच केलंय, सही हाय त्यांची."

चाचांनी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. "मला माहीत हाय की," ते म्हणाले. "मी सांगितलं व्हतं त्याला तवा, थोरल्याचं नाव वर पायजे. त्याचं डोकं फिरलेलं व्हतं कशानं तरी. ऐकलं नाय."

"मग गुरुवारी आप्पांना हाच कागद दाखवू."

"ह्याची कॉपी करू नक्को."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ज्याने मोडलेल्या लग्नाचाही कागद पुसू दिला नव्हता तो माणूस मला सांगत होता, की हे एक घर सोडून पुढे जा. मी भांडले. अगदी भांडले. म्हटलं, आयुष्यभर एक गोष्ट सांगत आलात, एकही चूक नाही, आणि ती खरी आहे, आणि तिचा पुरावा समोर आहे, आणि तुम्ही तो मरणाऱ्या डिस्कवर सोडून देताय.

चाचा म्हणाले, "बेटा, मला वरखालचं कळत व्हतं, नानाला रागात कळत नव्हतं. कळत असून मी छापलं. सही घेतली अन् मोकळा झालो. मग चूक कुणाची?" मी म्हटलं, नानांचीच. ते म्हणाले, "तुझं शिक्षण जास्त झालंय. पुढचं वर्ष घे."

मी पुढचं वर्ष घेतलं. मला रडू येत होतं आणि रागही. संध्याकाळच्या आत सगळी घरं धाकटीवर गेली, एक सोडून. शेवटचं वर्ष गेल्यावर थोरली आणखी थोडा वेळ घरघरली आणि मग शांत झाली. पुन्हा सुरू केलं तर उठली नाही. चाचांनी डब्यावर तळहात ठेवून पाहिला, मग काढून घेतला. ती त्यांनी मला बाहेर काढायला लावली, हातरुमालात गुंडाळली आणि टेबलाच्या वरच्या खणात ठेवली. खालच्या नाही.

गुरुवारी त्यांनी आप्पांना दुकानात येऊ दिलं नाही. फर्दापूरच्या स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात त्यांनी आप्पांना बोलावलं आणि वेगळा फोन करून नानांनाही. मला बरोबर घेतलं. बाईमाणूस सोबत असलं की लोक हात उचलत नाहीत, असं कारण दिलं. बसमध्ये मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी मला सिल्लोडला भजी घेऊन दिली, ती मात्र खाल्ली.

दोघे भाऊ आले ते हॉटेलच्या दोन टोकांना बसले. नाना थोरल्यापेक्षा ठेंगणे, डोळे तेच. चाचांना बघून त्यांचा चेहरा उतरला. आपला कागद या माणसाकडे आहे हे त्यांना ठाऊक होतं. चाचा मधल्या टेबलापाशी उभे राहिले, पत्रिका वाचून दाखवताना राहायचे तसे, आणि त्याच आवाजात म्हणाले, "आप्पा, चूक माझी. हे नाव माझ्या हातानं वरखाली झालं. नानाचा त्यात दोष नाय."

मी नानांकडे बघत होते. ते चाचांकडे बघत होते, आणि त्यांच्या हातातली बशी कलंडून चहा धोतरावर सांडत होता. आता ते खरं सांगतील, असं मला वाटलं. पण आप्पाच सुरू झाले. नऊ वर्षांचं सगळं त्यांनी चाचांवर काढलं. डोळे होते का खडे, म्हणाले. चुलता असून माझ्या पुतणीवर अक्षता टाकल्या नाहीत मी, तुझ्यामुळं, म्हणाले. चाचा मान खाली घालून ऐकत होते. आणि मग नानाही उठले. आधी हळू, मग मोठ्याने, मग आप्पांपेक्षा मोठ्याने तेही चाचांना बोलू लागले, आणि बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आप्पा त्यांना म्हणाले, याला चष्मा लावता येत नव्हता का. नाना आप्पांना म्हणाले, तवाबी व्हता चष्मा, आप्पा, दोऱ्याचाच व्हता. नऊ वर्षांत दोघे पहिल्यांदा एकमेकांशी बोलले ते हे.

शिव्या संपल्यावर तिघांनी चहा घेतला. आप्पांनी नानांना विचारलं, मका निघाला का. नाना म्हणाले, निघाला. परतीच्या बसमध्ये चाचा खिडकीशी बसून इतके खूश होते, की मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी मला दोनदा सांगितलं, की पत्रिकेत नानांचं नाव कोणत्या टाइपात घ्यायचं.

आठवड्याने दोघे भाऊ दुकानात आले. तोवर मी धाकटीवर विंडोज टाकलं होतं आणि संगणक खरोखरच पळत होता. चाचांनी कोणाला ते सांगितलं नाही, दुखवटा असल्यासारखे होते. फक्त तिचं नाव बदलून घेतलं. घरात थोरली लागतेच, म्हणाले, आता हीच थोरली. चाचांनी पत्रिका वाचली. निमंत्रक आप्पा, त्याखाली नाना. आप्पांनी डोळे मिटून ऐकलं. मग चाचांनी लाल पेन उचललं, आणि आप्पांना न देता नानांना दिलं. नानांचा हात कागदावर थोडा थांबला. मग त्यांनी 'असेच छापावे' लिहिलं. 'व' तोच होता, लांब शेपटीचा. आप्पा शेजारी बसून त्या पेनाकडे बघत होते.

तेव्हापासून दर हिवाळ्याला नानांकडून दुकानात एक पिशवी अद्रक येऊ लागली. चाचांनी ती कधी नाकारली नाही आणि तिच्याबद्दल काही बोललेही नाहीत. आणि एक बदल झाला. येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सांगायचे, की इतक्या वर्षांत माझ्या हातून मानाची फक्त एक चूक झाली. तेही पहिल्याइतक्याच अभिमानाने. मी पाठ फिरवून कीबोर्ड बडवायचे.

चाचा गेले त्याला आता वर्ष होईल. दुकान मी चालवते. मला त्यांची रोज आठवण येते, आणि त्या बुधवारचा रागही अजून गेलेला नाही. नावं फोनवर घ्यायला मी सुरुवात केली होती, पण दोन मावश्या राहून गेल्या तेव्हा ते बंद केलं. मामा किती, हेच मीही आधी विचारते.

गेल्या महिन्यात आप्पा आले होते, नातवाच्या लग्नाची पत्रिका छापायला. आता काठी लागते. मी नावं घेतली, वाचून दाखवली, आणि लाल पेन पुढे केलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं.

"पोरी, ही सही घेतल्याबिगर काहीच छापत नाय ना तुम्ही?"

"नाय, आप्पा."

"चाचा तवाबी घेत असंल. पहिल्यापासून."

मी टेबलाच्या वरच्या खणात काहीतरी शोधू लागले. तिथे हातरुमालात गुंडाळलेली थोरली होती आणि दुसरं काही नव्हतं. आप्पांनी घाई केली नाही. मग सावकाश सही केली, पेनाला टोपण लावलं आणि मला परत दिलं.

"लई चांगला माणूस व्हता," ते म्हणाले. "एकदाच चुकला."

"व्हय, आप्पा," मी म्हटलं. "एकदाच."